तक्रारीचा पाइप

मिल्या,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं, सगळ्यांचे हात जोडलेले, सुजाता वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, आणि तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावायला मला बोलावलं. माझ्या मनात तेव्हा काय आलं सांगू? शिवी आली. चांगली ठसठशीत, आपण एस.टी.त भांडताना एकमेकांना द्यायचो तसली. मेणबत्ती काही केल्या पेटेना, काडीमागून काडी मोडत होती. लोकांना वाटलं, पंत फार खचलाय. खचलोय, नाही कशाला म्हणू? पण त्या काड्या रागानं मोडत होत्या.

मग एकेक जण उठून बोलायला लागला. "मिलिंदराव मनमिळाऊ होते." मनमिळाऊ! तू! त्या मांडवात तू ज्याच्याशी भांडला नाहीस असा एक माणूस मला दाखव. आपला घरमालक, मिठाईच्या दुकानाचा, ज्याच्या डोक्यावर नांदेडचं आपलं ऑफिस, तो डोळे पुसत म्हणाला की तुमच्या पार्टनरनी कधी आवाज चढवला नाही. जिन्यातल्या दिव्यावरून तू त्याला किती वेळा बेजार केलंस, ते सगळं विसरला बघ. माणूस मेला की त्याचा स्वभावसुद्धा लोक धुऊन, इस्त्री करून ठेवतात. मला तो इस्त्रीवाला मिलिंद नको आहे. मला माझा भांडकुदळ मिल्या पाहिजे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तू ते अर्धं टाकून गेलास. याला काय म्हणायचं? पळून जाणंच म्हणायचं.

उद्या हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला ते भांडण कळायला हवं म्हणून थोडं सांगतो. तू मध्ये तोंड घालू नकोस.

लातूरच्या एका क्लासचं काम आपल्याकडं होतं. अकरावी-बारावीची पोरं, गावोगावची, लातुरात खोल्या करून राहिलेली. महिन्याला एक मोठी परीक्षा, तिचा निकाल. पूर्वी निकाल क्लासच्या फळ्यावर लागायचा आणि गावाकडं आईबापाला पोरगं सांगेल तो निकाल. क्लासचे सर म्हणाले, पालकांना गावात बसल्या बसल्या दिसला पाहिजे. तोवर हदगाव-भोकरला इंटरनेट कॅफे निघाले होते. आपण वेबसाइट केली. तिच्यामागची स्क्रिप्ट मी लिहिली, म्हणजे पालकानं नाव टाकलं की सर्व्हरवर जे काय चालतं ते. निकाल शोधणारा प्रोग्राम मात्र तुझा. सी भाषेत लिहिलेला, वेबसाइटच्या आधीपासूनचा. त्याचं नावही तूच ठेवलं होतंस, 'हुडक'.

मी म्हणत होतो, अरे बाबा, हे सगळं माझ्या स्क्रिप्टमध्येच घेऊ, एका दुपारचं काम आहे. तू काय ऐकणार! "माझा हुडक चालून राहिला ना? मग त्याला हात लावू नको. तुझ्या स्क्रिप्टनं बाहेरून हाक मारावी, इचारावं, उत्तर घ्यावं आन् गप आपल्या घरी जावं."

अशा बाहेरच्या प्रोग्रामशी बोलायला पाइप लागतात. एका पाइपातून प्रश्न आत जातो, दुसऱ्यातून उत्तर बाहेर येतं. आणि तिसरा एक असतो, त्यातून प्रोग्राम तक्रार करतो: हे सापडलं नाही, हे नीट नाही, इथं घोळ आहे. तू मला ते स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसून समजावलंस, जसं काही मी शाळेतलं पोर होतो. "हे बघ पंत, वेटर आत ओरडला, दोन पोहे. हा पहिला पाइप. खिडकीतून पोहे आले, हा दुसरा. आन् आचारी आतून बोंबलून राहिला, कांदा संपला! हा तिसरा. तू कसला मालक हायेस सांगू? आचाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून दार लावून घेणारा."

लावायचोच मी दार. अजूनही त्यात काही चूक वाटत नाही मला. सर्व्हरवर एक जागा असते, तिथं टाकाल ते गायब. कधी भरत नाही, कुणी विचारत नाही. सगळे शहाणे लोक तक्रारीचा पाइप तिकडं वळवतात आणि सुखानं झोपतात. गिऱ्हाइकाला स्वच्छ पान दिसतं. तुझ्या डोक्यात मात्र हे कधी शिरलंच नाही. "तक्रार फेकायची नसती," एवढंच तुझं पालुपद. का फेकायची नसते? तर नसती, म्हणून मी तो पाइप उघडा ठेवला. झालं.

आणि घोळ सुरू कुठून झाला? तुझ्याच हट्टापासून. मी म्हटलं होतं, पालकांना परीक्षा क्रमांक टाकायला लावू. एका क्रमांकाचा एकच विद्यार्थी, प्रश्न मिटला. तू हॉटेलातल्या टेबलावर हात आपटलास. "बापाला पोरीचा नंबर पाठ नसतो पंत, नाव पाठ असतं. त्यानंच तर ठेवलेलं असतं." मग काय, नावानं शोधायचं. पोरीचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आपल्या मराठवाड्यात! जिथं प्रत्येक गावात दोन-चार माधव जाधव आणि त्यातल्या निदान दोघांच्या पोरींची नावं अश्विनी. हुडक एका नावाच्या दोघी दिसल्या की पहिलीचे नुसते मार्क उत्तरात द्यायचा आणि तिसऱ्या पाइपातून ओरडायचा: याच नावाची आणखी एक आहे, तिचे मार्क हे, गाव बघा.

गेल्या वर्षीचा तो दिवस आठवतो? क्लासची नांदेडला शाखा निघाली आणि दोन्हीकडच्या पोरांची पहिल्यांदा एकत्र परीक्षा झाली. निकाल लागला आणि वेबसाइट ढिम्म. पान उघडायचं नाव नाही. सरांचा फोन: "अहो, पालक आमचा जीव खाऊन राहिलेत!" मी फोनची वायर मोडेमला लावून सर्व्हरवर गेलो, बघतो तर प्रत्येक पालकामागं एक, असे शेकड्यानं हुडक लटकलेले. एक मरेना, एक हलेना. तासाभरात सर्व्हरवाल्यांनी आपली साइटच बंद करून टाकली. सर म्हणाले, दोघंही इकडं निघून या, मला समोर बसवून सांगा काय ते. आपण लातूरची गाडी पकडली आणि लोहा यायच्या आत आपलं जुंपलं.

भानगड काय झाली होती ते आपल्याला गाडीतच कळलं होतं. पाइपात मावतं तेवढंच मावतं. हुडक उघडला की आधी सगळी नावं तपासायचा, आणि आता दोन जिल्ह्यांची नावं एकत्र आलेली, सारख्या नावांचा पूर. तो तक्रार करत सुटला. माझी स्क्रिप्ट उत्तराच्या पाइपाला कान लावून बसलेली, की आधी उत्तर संपू दे, तक्रार मग सावकाश वाचू. तक्रारीचा पाइप गच्च भरला. पुढची तक्रार ठेवायला जागा नाही म्हणून हुडक थांबला. तो थांबला म्हणून उत्तर येईना. उत्तर येईना म्हणून स्क्रिप्ट बसून. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले आणि बाहेर आईबापांची रांग.

मी म्हटलं, "बघ. तिसरा पाइप उघडायलाच नको होता. फेकून दिलं असतं तर हे झालं नसतं."

तू म्हणालास, "उघडला तर वाचायचा. उघडून ठेवला आन् वाचला न्हाईस, म्हणून झालं."

"नसता उघडला तर वाचायचा प्रश्नच नव्हता!"

"प्रश्न नव्हता म्हणून काय घोळ नव्हता का?"

पुढच्या सीटवरच्या मावशी वळून म्हणाल्या, "बाबांनो, वाटणीचं भांडण हाय का?" तू म्हणालास, "हाव मावशी, तसंच समजा." तेवढ्यात पण तुला मस्करी सुचली. मी मात्र खरंच तापलो होतो. आणि मिल्या, आजही सांगतो, मी बरोबर होतो. फेकून दिलं असतं तर अडकलं नसतं, हे गणितासारखं खरं आहे. तूही बरोबर होतास, ही माझी पंचाईत आहे.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. तू उतरलास, नळाशी गेलास, आणि उजव्या कुशीवर हात दाबून वाकून उभा राहिलास. मी विचारलं, काय झालं रे? "ॲसिडिटी. तुझ्या तोंडामुळं." खिशातून कसलीशी पुडी काढून तोंडात टाकलीस, पाणी प्यालास. मग कट्ट्यावर बसून, मी काही विचारलं नसताना, ती भूकंपाची गोष्ट सांगितलीस. इतकी वर्षं आपण एकत्र, आणि ती मला ठाऊकच नव्हती.

भूकंप झाला तेव्हा कॉलेजातून पोरं मदतीला गेली, तू गेलास. मला आईनं जाऊ दिलं नव्हतं, पुन्हा हादरे बसतील म्हणून. तुझा आवाज खणखणीत, म्हणून तुला एका गावाच्या तंबूत स्पीकरवर बसवलं. तू नाव पुकारायचं, माणसानं यायचं, टेबलावरच्यानं पत्रे आणि ब्लँकेट द्यायचं. एका नावाला एक म्हातारा आला, घेऊन गेला. थोड्या वेळानं त्याच नावाचा दुसरा आला. टेबलावरचा म्हणाला, "तुमचं नेलं की आजोबा, मघाशीच." म्हाताऱ्यानं हो-नाही काही केलं नाही. जाऊन लिंबाखाली बसला. दिवस कलला तरी तिथंच. तू स्पीकर सोडून त्याच्यापाशी गेलास, विचारलंस की बाबा, तुम्ही बोलला का न्हाई, तुम्ही दुसरे हायेत म्हणून?

तो म्हणाला, "तुमी म्हणलात नेलं, तर नेलं असंल. माझ्या घरात इचारायला तरी कोण राहिलंय."

एवढं सांगून तू माझ्याकडं बघितलंस. "पंत, त्याला तक्रार करायची बी ताकद नव्हती. मग टेबलावर बसलेल्यानं ओरडाया नको का, की थांबा, इथं एका नावाचे दोघं हायेत? माझा हुडक ओरडतो. तेवढं काम करतो तो. तू त्याचं तोंड दाबाया निघालास." कंडक्टरनं घंटी दिली, आपण धावत जाऊन गाडीत चढलो. तू झोपलास, किंवा डोळे मिटून बसलास. आता वाटतं दुखत असेल. तेव्हा वाटलं, भांडण जिंकून झोपलाय लेकाचा.

लातुरात सरांच्या केबिनमध्ये बसून तू माझी स्क्रिप्ट माझ्यासमोर बदललीस. आता ती दोन्ही पाइपांना कान लावून बसते, जिकडून काही आलं तिकडचं आधी वाचते. कुणी भरत नाही, कुणी थांबत नाही. काम देखणं होतं, मला कबूल करावं लागलं, मनातल्या मनात. तोंडानं मी म्हणालो, "आता या तक्रारींचं लोणचं घालणार का?" तर तूही हट्टी. निकालाखाली लाल अक्षरात ओळ आली: याच नावाचे आणखी विद्यार्थी आहेत, गाव पाहावे. तिच्याखाली गाव घालून बाकीच्यांचे मार्क. शिवाय तक्रारींची मेल आपल्या ऑफिसात यायला लागली, आणि तू ती वाचून गावोगाव फोन करायला लागलास. "हॅलो, जाधव का? तुमची अश्विनी हदगावची ना? मग वरची तुमची न्हाई, खालची बघा." अर्धा दिवस तो फोन तुझ्याच कानाला. मी ओरडायचो की हे क्लासवाल्यांचं काम आहे, आपण काय बारशाला गेलो होतो का या पोरींच्या? तू फोनवर हात ठेवून म्हणायचास, "गप रे."

आता मुद्द्यावर येतो. माझा राग कशाचा आहे ते ऐक.

जगातल्या प्रत्येक प्रोग्रामची तक्रार वाचायची म्हणून माझ्याशी भांडलास. आणि स्वतःची? ती कुठं टाकत होतास रे? पोट दुखायचं, पुडी खायचास. डबा अर्धा टाकायचास, म्हणायचास वहिनीनं मीठ जास्त घातलं. पँट ढिली झाली तर म्हणालास, "मेंटेन करून राहिलो." मी हसलो. मीच नाही, सगळे हसलो. आणि मग एक दिवस जिन्यातच बसलास तो उठला नाहीस. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" मी वहिनींकडं बघितलं, वहिनी माझ्याकडं. ते बघणं मला या जन्मात विसरायचं नाही.

रविवारी कार्यक्रम उरकल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातात चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, किती दुखतं ते तुम्हाला तरी बोलले होते का कधी?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मला म्हणायचे, पंतला सांगू नको. रिझल्टचा सीझन हाय, तो बेजार होईल. मी म्हटलं, अहो दवाखान्यात चला, तर म्हणायचे सीझन संपला की जाऊ." तो चहा मी उभ्यानं प्यालो. काय प्यालो ते कळलं नाही. वहिनींनी कप घेतला, विसळला, पालथा घातला आणि पुन्हा विसळायला घेतला.

मी बेजार होईन म्हणून! अरे, मी बेजार व्हायलाच होतो ना तुझ्यासोबत? तुझ्यासोबत राहून बेजारी सोडून मिळालं काय मला? तेवढी एक झेपली नसती का? कोण समजत होतास तू मला?

आणि तुझंच वागणं आठवून जास्त संताप येतो. आमचं पहिलं बाळ हाती लागलं नाही, तेव्हा मी ऑफिसात येऊन मशीन चालू करून बसलो. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. दुसरा कुणी असता तर बरं म्हणून कामाला लागला असता. तू खुर्ची ओढलीस, माझ्या मशीनचं बटण बंद केलंस आणि म्हणालास, "काही न्हाई म्हणजे काय काय?" बसून राहिलास. गिऱ्हाईक आलं, त्याला परत पाठवलंस. मी बोलेपर्यंत तू उठला नाहीस, आणि मी बोललो, रडलो, नाक पुसलं, मग आपण गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरमध्ये जेवलो. पोळी वाढणाऱ्या सरदारजींकडून तू माझ्या ताटात एक जास्तीची वाढायला लावलीस. त्या दिवशी तू नसतास तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. हे तुला कधी म्हणालो नाही. आपल्यात कुठं असलं बोलायची पद्धत होती? आता म्हणतो. तू माझं फार ऐकून घेतलंस, मिल्या. माझ्या बायकोला जे सांगता आलं नाही तेही तू ऐकलंस.

मग मला का नाही ती संधी दिलीस? मला खुर्ची ओढता येत नव्हती का?

तुझ्या मशीनमध्ये मी शोधलंसुद्धा. सिनेमात असतं ना, मेलेल्या मित्रानं काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. हुडकचा सगळा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. काही नाही! माझ्यासाठी तर सोडच, कोड कसा चालतो याचासुद्धा एक शेरा नाही. त्यातल्या कप्प्यांना तू गावांची नावं देऊन ठेवलीस, कशाचा कशाशी मेळ नाही. दुसऱ्याच्या तक्रारी गोळा करणारा हा प्रोग्राम, आणि तो लिहिणारा स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही. मशीनसमोर बसून मोठ्यानं शिव्या दिल्या तुला. खालून मिठाईवाल्यानं विचारलं, कोण आलंय वर?

सोमवारी सरांचा फोन आला. तुझ्याबद्दल चार शब्द बोलले, चांगलं बोलले, मग म्हणाले, "आज संध्याकाळी निकाल आहे. ते लाल अक्षर तेवढं काढून टाका हो. पालक लाल बघितलं की घाबरतात." वर्षभर मी तुझ्याकडं हेच मागत होतो. आता अडवायला कुणी नव्हतं. एकच ओळ बदलायची होती. तिसरा पाइप उचलला आणि त्या गायब होण्याच्या जागी वळवला. संध्याकाळी निकाल लागला, साइट पळायला लागली, पान एकदम स्वच्छ. सरांनी फोन करून शाबासकी दिली. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हटलं, बघ, मी सांगत नव्हतो? खुर्ची काय बोलणार. इतकं बेचव जिंकणं मी आयुष्यात बघितलं नाही.

आज सकाळी ऑफिस उघडलं, तर फोन वाजत होता.

"मिलिंद सरांला द्या जरा."

मी म्हटलं, मी त्यांचा पार्टनर. काय काम होतं?

"मी माधव जाधव, हदगावहून. शिलाईचं दुकान हाय माझं. सरांचा फोन आला न्हाई या बारीला. दर निकालाला येतो, जाधव, वरची तुमची न्हाई, खालची बघा. काल कॅफेत बघितलं तर लाल बी न्हाई, खालची बी न्हाई, आन् सरांचा फोन बी न्हाई. मार्क तर लई कमी. आमच्या अश्विनीला इतके कमी कवाच पडत न्हाईत हो. तिची आई रातभर रडून राहिली. म्हणली, जा, घेऊन या पोरीला, बस झालं लातूर. मी स्टँडवर हाय बघा, गाडी लागलीय. म्हणलं बसायच्या आधी सरांला इचारावं."

"बसू नका," मी ओरडलो. "गाडीत बसू नका. थांबा तिथंच."

रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला. लाइन तोडली असती तर मोडेम लागला असता, पण तोडायची हिंमत झाली नाही. निकालाची प्रत तुझ्या मशीनवर होती. हुडकला तिथंच हातानं विचारलं. अश्विनी माधव जाधव. उत्तर आलं, तेच कमी मार्क. आणि खाली तक्रारींच्या गर्दीत तुझी ती नेहमीची: ही औशाची, याच नावाची आणखी एक आहे. हदगावची. मार्क असे की क्लासनं तिचा फोटो लावावा.

मी सांगितलं. मग जाधव म्हणाले, "हाव का? खरंच? मायला, मी पिशवीबी आणली होती तिचं सामान भराया." हसले, आणि हसता हसता आवाज फुटला त्यांचा. "सरांला सांगा, जाधवचा फोन आला होता म्हणून. म्हणावं, तुमी फोन केला न्हाई तर बघा काय झालं असतं."

आता मला सांगावं लागलं. मी म्हटलं, जाधव, मिलिंद गेला. पोटात आजार होता. आम्हालाही उशिरा कळलं. कुणालाच धड बोलला नव्हता तो.

कंडक्टरनं दोनदा घंटी मारलेली मला ऐकू आली. गाडी निघून गेली असावी. मग जाधव हळू आवाजात बोलले.

"मागच्या निकालाला फोन आला तवा मला वाटलंच होतं. आवाज लई खोलातून येत होता, बोलता बोलता थांबून राहिले होते. मी इचारलं, सर, तब्येत बरी हाय ना? तर म्हणले, बरी हाय हो जाधव, लाइन खराब हाय."

मी तिसरा पाइप पुन्हा होता तसा जोडला. पानावर लाल अक्षर परत आलं. सर ओरडतील, ओरडू देत. तक्रारींच्या मेल पुन्हा यायला लागल्यात, त्या वाचायला घेतल्या आहेत, आणि दुपारपासून औशाला, मुदखेडला, निलंग्याला फोन करत बसलोय. अजून बरेच राहिलेत. पण त्याआधी तुझ्याशी हे एकदा बोलायचं होतं.

मागच्या निकालाचा तो फोन तू याच टेबलावरून केला होतास. मी समोर बसलो होतो. फोन हाच, वायर हीच. आज त्याच फोनवर मला हदगावच्या स्टँडवरची घंटी ऐकू आली, एका बापाचं रडू आवरणं ऐकू आलं.

लाइन खराब नव्हती, मिल्या.